जावळीनंतरची माणसं

शाळेच्या इतिहासात जावळी दोनदा येते. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून ती घेतली तेव्हा, आणि १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला तेव्हा. मग पुस्तक पुढे जातं, खोरं मागेच राहतं.

तिथल्या घराण्यांची गोष्ट मला तिथून पुढची वाटते. तिच्यात लढाया नाहीत. राब भाजून उतारावर पेरलेली नाचणी-वरी, चार महिने झोडपणारा पाऊस, आणि खाणारी तोंडं वाढली की घरात निघणारा एकच विषय, यंदा मुंबईला कोण जाणार?

आमच्याकडे तो आजोबांच्या पिढीत निघाला. थोरल्याने रान धरलं, धाकट्याने मुंबईत ओझी उचलली. गावकीच्या एकाच खोलीत गावचे पुरुष पाळीपाळीने झोपत. कुणाची वळकटी कुठे, पाणी कुणी भरायचं, भांडण कुणी मिटवायचं, सगळं गावच्याच रीतीनं. या हमालांना ज्यांनी संघटित केलं ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याचे, म्हणजे याच डोंगरांतले. १९६९ साली माथाडी कायदा झाला. आमच्यासारख्यांच्या बखरीत हे साल १६५६ च्या शेजारी लिहावं असं माझं मत आहे. गडावर भाषणं करणाऱ्यांना ते पटायचं नाही.

कायदा आला तोवर गावाकडचं घर मात्र उरलं नव्हतं. महाबळेश्वरातून निघालेली कोयना याच खोऱ्यातून दक्षिणेला वाहत येते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते. त्या वळणाच्या थोडं वर धरण झालं, साठच्या दशकात त्याचा शिवसागर जलाशय भरला. भातखाचरं नदीकाठची, ती पहिली गेली. राज्याला वीज मिळाली. कुणाला रायगड-ठाण्याकडे जमिनी दाखवल्या, कुणाला सोलापूर-सांगलीकडे. कित्येक जण नुसते डोंगरात वर सरकले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने उरलेल्या भिंती हलवल्या. वर सरकलेल्यांच्या वाट्याला १९८५ मध्ये अभयारण्य आलं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प.

‘पूर आला’ असं कुणी म्हटलं की आजी चिडायची. “पानी काय चालत आलं व्हय? आनलं त्येंनी!”

धरणाने घराणी मोडली, हे मला अर्धंच खरं वाटतं. घराचे दोन तुकडे मुंबईने आधीच केले होते, पण ते तुकडे शिमग्याला, जत्रेला एकत्र यायचे. धरणाने नेली ती ही एकत्र यायची जागा. थोरले आजोबा सपाटीवर गेले तेव्हा देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून घेऊन गेले. धाकट्यांनी मुंबईत सोनाराकडून नवे घडवून घेतले. ग्रामदेवतेची शिळा मात्र कुणाला उचलता येईना. मग नव्या वस्तीत तिच्याच नावाचं देऊळ उभं राहिलं. देवीला दोन घरं झाली, माणसांसारखीच. दोन्हीकडची वर्गणी कोण गोळा करणार, यावरून पुढे भावकीत जी जुंपली तिच्यावर एक स्वतंत्र पोथी होईल.

लग्न जमवताना मूळ गाव अजून विचारतात. माझा पुतण्या पनवेलकडे जन्मला, तिथेच वाढला. तो बेधडक पाण्याखालच्या गावाचं नाव सांगतो. पाहुण्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. ते एवढंच विचारतात, “बामणोलीच्या अंगाला, का तापोळ्याच्या?”