नव्याकोऱ्या तंबूच्या शिवणी

तंबूच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर दोन गोष्टी छापल्या होत्या. एक, कापड ३००० मिलिमीटरचं आहे. म्हणजे त्यावर तीन मीटर उंचीचं पाणी उभं राहिलं तरी आरपार येणार नाही. दोन, पावसात नेण्याआधी शिवणी सील करून घ्या. या दोहोंचा मेळ मला काही केल्या बसेना. तीन मीटर पाणी अडवणारा तंबू सह्याद्रीतल्या एखाद्या सरीला का घाबरेल?

"अगं, एवढे डॉलर मोजून गळका तंबू आणलास?" मी भाचीला विचारलं.

"गळका नाही गं मावशी, शिवलेला आहे," एवढं बोलून ती सुट्टी संपवून सिअ‍ॅटलला परत गेली, आणि तंबू माझ्या पदरात पडला.

मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे तिच्या उत्तरातलं अर्धं मला लगेच कळलं. सुई जाते तिथे भोक पडतं. दोरा ते पुरतं भरत नाही, उलट स्वतः भिजून पाणी आत ओढतो. तीन मीटरचा आकडा कापडाचा, शिवणीचा नव्हे. पण माझ्या जुन्या तंबूच्या शिवणींवर आतून पारदर्शक पट्टी बसवलेली आहे, मग या महागड्याला का नाही? त्याचं उत्तर कापडाच्या जातीत निघालं. जुन्या तंबूला आतून पॉलियुरेथेनचा थर आहे आणि पट्टी तापवली की त्यावर घट्ट बसते. हा नवा सिलनायलॉनचा. अगदी पातळ नायलॉन, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन मुरवलेलं. त्या सिलिकॉनला दुसरं सिलिकॉन सोडलं तर जवळपास काहीच चिकटत नाही. मी सेलोटेप दाबून पाहिली. नुसतं टोक उचललं तर सगळी सुटून आली. पाण्याला जे कापड जुमानत नाही ते पट्टीला तरी कशाला जुमानेल!

तेव्हा सिलिकॉनच आणणं भाग होतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या काकांनी विचारलं, "काचेला लावायचंय की बाथरूमला?"

"तंबूला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि भिंतीच्या भेगा बुजवायची पांढरी ॲक्रिलिक नळी पुढे केली. भाचीने फोनवर बजावलं होतं, १०० टक्के सिलिकॉन हवं, पारदर्शक, खिडकीच्या काचा बसवताना वापरतात ते. तेही त्यांच्याकडे होतं, २८० मिलिलिटरच्या नळीत. नळी दाबायला गन लागते, ती त्यांनी संध्याकाळी परत करायच्या बोलीवर वापरायला दिली. रंगांच्या फळीवरून मिनरल टर्पेंटाइनची बाटलीही काढून घेतली. एवढी नळी म्हणजे चार तंबूंची बेगमी, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

सिलिकॉन नळीतून येतं तसं लावलं तर वरच्यावर राहतं, वाळल्यावर सालपट निघाल्यासारखं सुटतं. सुईच्या भोकात शिरायचं तर ते पातळ हवं, म्हणून टर्पेंटाइन. एक भाग सिलिकॉनला दोन ते तीन भाग टर्पेंटाइन, असं प्रमाण. जुन्या काचेच्या बरणीत दोन्ही घातलं आणि ढवळायला घेतलं, तर सिलिकॉनचा गोळा तळाशी ढिम्म बसून राहिला. टर्पेंटाइन त्याच्याभोवती नुसतं गोल फिरत होतं. हे कधी एकजीव होणार, असं वाटण्याइतका वेळ गेला. मग गोळ्याच्या कडा विरल्या, धागे सुटले, आणि हळूहळू सगळं गढूळ होत एकसारखं झालं. किती पातळ ठेवायचं हे शेवटी स्वयंपाकघरातल्या अकलेने ठरवलं: एकतारी पाकाइतकं.

वास मात्र पाकाचा नव्हता. हे सिलिकॉन पक्कं होताना ॲसिटिक आम्ल सोडतं, व्हिनेगरमध्ये असतं तेच. शेजारच्या काकू गच्चीवर डोकावून "आज चायनीज का?" विचारून गेल्या. टर्पेंटाइन पेट घेतं, म्हणून हा उद्योग घरात गॅसजवळ करायचा नाही, उघड्यावरच करायचा. पुण्यातल्या मे महिन्यात तेही उन्हं उतरल्यावर. नाहीतर टर्पेंटाइन भराभर उडून मिश्रण बरणीतच दाटतं.

तंबू गच्चीवर ताणून उभा केला. ताणल्याने सुईची भोकं उघडतात आणि मिश्रण आत उतरतं. लावायचं बाहेरून, कारण पाणी दोऱ्यापर्यंत पोचण्याआधीच अडवायचं आहे. एक इंची ब्रशने माथ्यावरची लांब शिवण आधी घेतली. जीन्सच्या पायाला असते तशी दुमडलेली दुहेरी टीप, तिच्या दोन्ही ओळींवर. मागोमाग जास्तीचं फडक्याने पुसत जायचं. सरळ शिवणी पटकन झाल्या. वेळ खाल्ला तो दोऱ्या बांधायच्या फासांनी. तिथे बळकटीसाठी टाक्यावर टाके घातलेले असतात, म्हणजे भोकंही तितकीच, आणि वाऱ्यात सगळा ताण तिथेच येतो.

यापुढचं मला अजून गमतीचं वाटतं. टर्पेंटाइन उडून गेलं तरी सिलिकॉन पक्कं होतं ते हवेतल्या बाष्पाने. कोरड्या हवेत त्याला जास्तच वेळ लागतो. पावसापासून वाचवणारी गोष्ट दमटपणाची वाट पाहत बसते! रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बोटाला काही लागलं नाही, पण घडी घातली की शिवण शिवणीला चिकटायला बघे. त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि जास्तीची झटकून टाकली.

गच्चीवर पाइपने पाणी मारलं, आत थेंबही आला नाही. जूनमध्ये भंडारदऱ्याला तलावाकाठी तंबू लावला, रात्री चांगली सर येऊन गेली, आणि पहाटे हात लावला तर आतून कापड ओलं! पोटात गोळाच आला. विजेरी घेऊन नीट पाहिलं. थेंब शिवणीच्या ओळीत नव्हते, सगळ्या कापडावर सारखे पसरलेले होते. पाणी गळत असतं तर ते टाक्यांच्या रेघेने उतरलं असतं. हे आमच्या दोघांच्या श्वासातलं बाष्प, थंड कापडावर जमलेलं. त्याला सिलिकॉन काही करू शकत नाही. त्यासाठी दाराची वरची झिप थोडी उघडी ठेवून झोपायचं.

उरलेली नळी एकदा उघडली की फार दिवस टिकत नाही. गन परत मागून आणली आणि बेसिनच्या कडेची फट भरून टाकली. ह्यांचं म्हणणं, अमेरिकेहून तंबू आला नसता तर हे काम आणखी वर्षभर राहिलं असतं.