मापाचा शर्ट

पाडवा नवरा-बायकोचा, भाऊबीज बहीण-भावाची. मग नऊ वर्षं ज्याच्याशी बोलल्याशिवाय रात्र सरत नाही, पण लग्न काही ठरलेलं नाही, त्याला दिवाळीत काय द्यायचं आणि कुठल्या दिवशी? आपल्या सणांत त्याला जागाच नाही. मैत्रिणी 'बॉयफ्रेंड' म्हणतात. तिशी ओलांडल्यावर तो शब्द मला कसासाच वाटतो. मी आपली 'तो' म्हणते. घरी तर तेवढंही नाही.

खडेबाजारात दोन संध्याकाळी फिरले. पुरुषांना द्यायच्या वस्तू म्हणजे काय, तर पाकीट, पट्टा, घड्याळ. जवळजवळ सगळं चामड्याचं. दुकानदार म्हणतो, "ताई, ओरिजिनल लेदर आहे, वास घेऊन बघा की." तेच तर नको होतं! तो मराठा घरातला. त्यांच्याकडे रविवारी मटण शिजतं, त्यावर मी नऊ वर्षांत एक अक्षर बोललेले नाही. त्यानं काय खावं, काय वापरावं हे त्याचं त्यानं बघावं. पण माझ्या हातून जाणारी वस्तू मला देववली पाहिजे की नको?

रेशमी कुर्त्याचंही तेच. माझी आजी लग्नातल्या शालूनंतर रेशमाला शिवली नाही. अखंड धागा निघावा म्हणून कोष आतल्या किड्यासकट उकळतात, हे तिनंच मला लहानपणी सांगितलं. हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोषांपासून रेशीम करून दाखवलं, त्याला अहिंसा सिल्क म्हणतात. ते मला बेळगावात मिळालं नाही, आणि मागवेपर्यंत दिवाळी निघून गेली असती.

शेवटी ऑफिसच्या कामाला हुबळीला गेले, तेव्हा अडीच मीटर खादी घेऊन आले. जिथे राष्ट्रध्वज तयार होतात ते बेंगेरी याच हुबळीतलं. फिकट निळं, हाताला जरा खरखरीत लागणारं कापड. धुता धुता मऊ होत जातं, हा खादीचा गुण मला फार आवडतो. (त्याच्यातही तो आहे, पण ते जाऊ दे.) शिवाय शर्ट कुठून आला असं त्याच्या घरी कुणी विचारणार नाही. अंगठी किंवा फोटोची चौकट दिली तर बिचाऱ्याला उत्तरं देत बसावं लागेल.

दिवसही ठरवला. अमावास्येच्या पहाटे आम्ही बस्तीत निर्वाण लाडू चढवतो, तिथून परतताना भेटायचं. पाडवा उसना कशाला घ्यायचा?

मापासाठी त्याचा एक जुना शर्ट मागून घेतला. कशाला, म्हणून त्यानं विचारलं नाही. मी तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला होता. टेलरकडे न्यायच्या दिवशी बघते तर धुऊन, इस्त्री करून पलंगावर ठेवलेला. आईनं त्याला एकदाच पाहिलंय, ऑफिसच्या कार्यक्रमात, तेही पाच मिनिटं.

स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "टेलरला बाही अर्धा इंच वाढवायला सांग. हात लांब आहेत त्याचे."

मी नुसतं "हो" म्हटलं आणि शर्ट पिशवीत घातला.