तार का वितळली?

काही बिघाड असे असतात, की ते झाले तरी आपले काम अडत नाही. आणि काम अडत नाही म्हणून तो बिघाड आहे हेच आपण विसरून जातो. माझ्या मोटारीतला वारा बंद पडला, तेव्हा माझे असेच झाले.

मोटारीत समोरच्या काचेपाशी लहान लहान झरोके असतात. कळ फिरविली की आतला पंखा चालू होतो आणि त्या झरोक्यांतून वारा येतो. वातानुकूलनाची गार हवाही याच वाटेने येते. जूनच्या आरंभी एके दिवशी मी कळ फिरविली, तो वारा नाही आणि पंख्याची घरघरही नाही. माझा बारा वर्षांचा भाचा तेव्हा सुटीसाठी कऱ्हाडला आमच्याकडे आला होता. त्याने मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचून फ्यूजची पेटी शोधून काढली. पंख्याचा फ्यूज हिरव्या रंगाचा होता व त्यावर तीस हा अंक होता. उजेडात धरून पाहिले, तो त्यातली धातूची बारीक पट्टी मधोमध वितळून तुटलेली दिसली.

मी त्याच अंकाचा नवा फ्यूज बसविला. पंखा काहीसा कण्हतच फिरू लागला. दोन दिवसांनी तोही फ्यूज जळला.

"मामा, पण फ्यूज का जळला?" भाच्याने विचारले.

"अरे, फ्यूजच तो! कधीतरी जळायचाच," असे म्हणून मी वेळ मारून नेली. शेजारच्या एका गृहस्थांनी सल्ला दिला, की जास्त अंकाचा फ्यूज घाला, म्हणजे पुन्हा जळणार नाही. मला तो सल्ला पटलाही. परंतु तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि हवेत गारवा आला. आता वारा हवा कोणाला, असे म्हणून मी ते काम पुढे ढकलले.

शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले, तेव्हा भाच्याला चिपळूणला पोहोचविण्यासाठी मी निघालो. आईही बरोबर होती. कोयनानगर मागे पडले आणि पावसाने आम्हांला गाठले. कुंभार्ली घाट उतरू लागलो, तो समोरची काच हळूहळू पांढुरकी होऊ लागली. आम्हां तिघांच्या श्वासांतील वाफ पावसाने गार झालेल्या काचेवर आतून बसत होती. बाहेरचे पाणी वायपर पुसत होते. आतली वाफ घालविणे हे त्या वाऱ्याचे काम होते, आणि वारा तर बंद होता! बाजूची काच खाली करावी, तर पावसाची झड आत येई. आई पदराने काच पुसत होती. परंतु पुसलेली जागा क्षणभरातच पुन्हा धूसर होई.

एका वळणावर भाचा एकदम ओरडला, "मामा, थांब!"

मी ब्रेक दाबला. गाडी थोडीशी घसरून थांबली. खाली उतरून पाहतो, तो चार पावलांवर एक धनगराचा मुलगा उभा! अंगावर घोंगडीची खोळ, हातात काठी आणि पुढे दोन म्हशी. तो भाच्याच्याच वयाचा असावा. त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिले, म्हशींना हाकारले आणि तो धुक्यात नाहीसा झाला. माझे पाय मात्र बराच वेळ थरथरत होते. पाऊस ओसरेपर्यंत आम्ही कडेला थांबलो. कोणीच काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी हत्यारांना हात लावण्यापूर्वी विचारले, "पंखा सगळ्याच वेगांवर बंद आहे, की शेवटच्या वेगावर चालतो?"

"सगळ्याच वेगांवर बंद आहे."

"शेवटच्या वेगावर चालला असता, तर वेग कमीजास्त करणारा तुकडा बिघडला असे म्हटले असते. फ्यूज पाहिलात?"

"दोनदा जळला."

"का जळला?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

मिस्त्रींनी डाव्या बाजूचा खण काढला, तारांची जोडणी सोडविली, तीन स्क्रू फिरविले आणि मोटरसह पंखा खाली घेतला. पिंजऱ्यासारख्या त्या गोल पंख्यात वाळलेली पाने, कापूस आणि माझ्याच हरवलेल्या फडक्याच्या चिंध्या गच्च बसल्या होत्या. उंदराने तेथे संसार थाटला होता!

"पंखा अडला, की मोटर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढते," मिस्त्री म्हणाले. "तारा तापू लागतात. त्या जळू नयेत म्हणून फ्यूज स्वतः वितळतो. तो पहारेकरी आहे, साहेब. जास्त अंकाचा फ्यूज घातला असता, तर तो तसाच राहिला असता आणि तारांनी पेट घेतला असता."

शेजाऱ्यांच्या सल्ल्याची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. आज तुम्हांला सांगतो आहे.

त्यांनी पंखा साफ केला, बोटाने फिरवून पाहिला, हवा आत येण्याच्या वाटेवर बारीक जाळी बसविली आणि शेवटी फ्यूज घातला. तो तीसच अंकाचा होता. मी कळ फिरविली. भाच्याने काचेवर तोंड नेऊन मोठा श्वास सोडला. काच पांढरी झाली आणि वाऱ्याच्या झुळकीने पाहता पाहता निवळली. तो हसला.

आता माझ्या घरी एखादी वस्तू बंद पडली, की ती चालू कशी होईल हे मी आधी विचारीत नाही. ती का बंद पडली, हे विचारतो. माझ्या भाच्याने हाच प्रश्न विचारला होता आणि मी तो हसण्यावारी नेला होता. त्या दिवशी घाटात काय घडले असते, याची आठवण झाली, की धुक्यातला तो घोंगडीतला मुलगा अजूनही माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो.