दाजींच्या घरचे थिएटर

मुंबईला रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसावे आणि सकाळी डोळे चोळीत सोलापूर स्टेशनावर उतरावे, हा माझा दिवाळीचा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. लोक काश्मीरला जातात, महाबळेश्वरला जातात. मी भाऊबीजेला सोलापूरला जातो. "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" असे शेजारी विचारतात. मी त्यांना भुईकोट किल्ला सांगतो, तळ्याच्या मधोमध उभे असलेले सिद्धरामेश्वराचे देऊळ सांगतो, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतले नंदीध्वज सांगतो. पण खरे सांगायचे तर मी जातो तो अक्काच्या हातच्या शेंगापोळीसाठी, आणि दाजींशी गप्पा मारण्यासाठी.

गप्पा म्हणजे काय, मी बोलायचे आणि दाजींनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायचे. ही त्यांची सवय मला लग्नापासून ठाऊक होती. माझ्या विद्वत्तेबद्दलचा हा आदर असावा, अशी इतकी वर्षे माझी समजूत होती.

यंदा ओवाळणीच्या पाकिटाखेरीज माझ्या खिशात आणखी एक पाकीट होते. त्यात पंधरा हजार रुपये होते. सात माझे, पाच पुण्याच्या धाकट्या भावाचे आणि तीन भाच्याचे. त्याचे असे झाले, की गणपतीच्या सुमारास अक्काचा फोन आला होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तुझे दाजी आताशा टीव्ही बघत नाहीत रे. नुसते समोर बसतात."

भाच्याने तात्काळ निदान केले. टीव्हीचा आवाज बारीक आहे, तेव्हा होम थिएटर आणावे! पाच स्पीकर, शिवाय एक धडधडणारा सहावा. मीही मान डोलावली. न कळणाऱ्या विषयात मान डोलावणे मामांना शोभून दिसते.

सोलापूर हे मुळातच मोठ्या आवाजाचे गाव. १८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी निघाली. पुढे आणखी निघाल्या आणि साऱ्या गावाचे घड्याळ गिरण्यांच्या भोंग्यांवर चालू लागले. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घराघरांतून माग खडखडू लागले, आणि सोलापुरी चादर देशभर गेली. तिला पुढे भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. त्या मोठ्या गिरण्या आता बंद आहेत. दाजी तरुणपणी अशाच एका गिरणीच्या साचेखात्यात लागले. ती बंद पडल्यावर यंत्रमागाच्या कारखान्यात गेले. शेकडो मागांच्या त्या गदारोळात कामगार एकमेकांशी हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत. पस्तीस वर्षे दाजींनी असेच काढली. कानात कापसाचा बोळा घालणारा त्या काळी भित्रा ठरे.

धनत्रयोदशीला आम्ही तिघे नव्या पेठेत गेलो. बाजाराला उधाण आले होते. दुकानातल्या पोराने आम्हांला पाहताच एक भलेमोठे खोके पुढे सारले. त्यावर "दहा हजार वॅट" असे ठसठशीत छापले होते. आमच्या संबंध चाळीला इतकी वीज लागत नसेल! पण खाली बारीक अक्षरांत पीएमपीओ ही चार अक्षरे होती. निमिषमात्र टिकणाऱ्या उसळीचा हा आकडा असतो, आणि तो काढण्याला काही धरबंध नाही. खरा आकडा आरएमएस या नावाने लिहिलेला असतो, आणि तो बहुधा खोक्याच्या मागच्या बाजूला सापडतो. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट वाटतो असे नाही. वाढ होते ती अवघी तीन डेसिबलची. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात.

पोराने एका सिनेमातली मारामारी लावली. मोटारी उडाल्या, काचा फुटल्या, माझ्या पोटातला चहा हिंदकळला. भाचा खूष! मी दाजींकडे पाहिले.

"आवाज लई आहे," दाजी शांतपणे म्हणाले, "पण पाव्हणं, तो माणूस बोलतोय काय?"

गल्ल्यावर दुकानाचे वृद्ध मालक बसले होते. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करीत. ते उठून आले, आणि दाजींना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गिरणीत होता?" दाजींनी मान हलवली. मग मालकांनी सिनेमा बंद करून बातम्या लावल्या. दाजींना सगळे समजत होते. "आता डोळे मिटून ऐका," मालक म्हणाले. दाजींनी डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. शब्द कळेनात.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाजी इतकी वर्षे माझे बोलणे कानांनी नव्हे, डोळ्यांनी ऐकत होते! आणि दक्षिणेकडचे हिंदी आवाज चढवलेले सिनेमे त्यांना का समजत नाहीत, तेही उमगले. तिथे ओठ एक बोलतात आणि कान दुसरे ऐकतात.

मालकांनी मग समजावून सांगितले, ते येथे देतो. वाचकांपैकी कुणाच्या घरी असे वडीलधारे असतील, तर उपयोगी पडेल. सतत गोंगाटात काम केलेल्या माणसाचे आधी उंच पट्टीतले ऐकणे जाते. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. पण स, श, त, क, फ यांसारख्या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते, ती बोथट होते. म्हणून आवाज येतो आणि शब्द येत नाही. अशा माणसासाठी धडधडणारा डबा आणणे म्हणजे चष्मा लागलेल्याला मोठा दिवा आणून देणे. त्यातून आजकालचे टीव्ही इतके पातळ, की त्यांचे स्पीकर तळाशी किंवा पाठीमागे बसवतात. बोलणे आधी भिंतीला सांगितले जाते, मग आपल्याला! सहा स्पीकरांच्या संचात संवाद मुख्यतः मधल्या एका स्पीकरातून येतात. पैसे थोडे असतील तर ते सहा ठिकाणी वाटून सहाही हलके घेण्यापेक्षा दोनच चांगले घ्यावेत आणि ते कानाच्या उंचीवर, ऐकणाऱ्याकडे तोंड करून ठेवावेत.

आम्ही आतच ॲम्प्लिफायर असलेली दोन स्पीकरांची साधी जोडी घेतली. आठ हजार चारशे. आमच्या टीव्हीच्या पाठीमागे ऑप्टिकल तारेची जागा आहे, हे भाच्याने घरून निघतानाच पाहून ठेवले होते. ते पाहिल्यावाचून दुकानात जाऊ नये. तार आणि दोन स्टुले धरून एकूण नऊ हजार झाले. "हे कसले होम थिएटर!" असे भाचा वाटभर पुटपुटत होता.

घरी येऊन जोडले, तो काय! दुकानातला स्वच्छ आवाज घरी घुमू लागला. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, चारी भिंती उघड्या. मी टाळी वाजवली. ती मागून पुन्हा वाजल्यासारखी ऐकू आली. शब्दाचा एक भाग थेट कानावर येतो आणि दुसरा भिंतींवर आपटून मागाहून येऊन त्यावर सांडतो. तरुण कान त्यातून वाट काढतो, थकलेला काढू शकत नाही.

अक्का काही न बोलता आत गेली आणि तिने ट्रंक उघडली. आतून निघाल्या पाच चादरी, जाड सुताच्या, दोन्ही अंगांनी नक्षीच्या. दाजींनी मागावर असताना विणलेल्या. "लेकीच्या लग्नाला ठेवल्या होत्या, तिने नेल्या नाहीत," ती म्हणाली. आम्ही टीव्हीसमोरच्या भिंतीवर दोन लावल्या, भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून, म्हणजे त्या अधिक आवाज शोषतात. एक बाजूच्या भिंतीवर, एक फरशीवर. दाजींची खुर्ची दहा फुटांवर होती, ती पाच फुटांवर ओढली. अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलांनी वाढतो, आणि त्याला दमडी पडत नाही. पुन्हा टाळी वाजवली. ती एकदाच वाजली.

दाजी मात्र टीव्हीकडे न पाहता चादरीवर हात फिरवीत होते. "हिच्यापायी कान गेला," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "चला, काही तरी परत देतेय."

बातम्या लागल्या. त्यांनी आपणहून डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "दहातले सातआठ शब्द कळतात."

उरलेल्या दोनतीन शब्दांचा प्रश्न होता, आणि पाकिटात सहा हजार उरले होते. भाचा स्पीकरचा धडधडता डबा मागत होता. मी ते पाकीट अक्काच्या हाती दिले, कानाच्या चाचणीसाठी आणि पुढच्या यंत्राची सुरुवात म्हणून. दाजी रागावले. "मी काय बहिरा आहे?" असे त्यांनी विचारले. अक्काने पाठ फिरवून हळू आवाजात उत्तर दिले. ते दाजींना ऐकू गेले नाही, आणि गेले नाही हे त्यांच्या ध्यानात आले. भाऊबीज झाल्यावर ते मुकाट्याने तपासणीला गेले. चाचणीच्या कागदावरची रेघ बरीच वाट सरळ जाते आणि चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली पडते, असे भाच्याने फोनवर सांगितले. यंत्राचे पैसे आम्ही भावंडे जमवतो आहोत.

परवा अक्काचा फोन आला. मी भीतभीतच विचारले, "दाजी टीव्ही बघतात का गं?"

"बघतात?" अक्का करवादली, "अरे, आता त्या बातम्या देणाऱ्याशी भांडतात रात्री अकरापर्यंत! कशाला आणलंस ते थिएटर?"

मागून दाजींचा आवाज ऐकू आला, "कुणाशी बोलतेयस? पाव्हणं का? त्यांना म्हणावं, पुढल्या दिवाळीला लवकर या."