काटा चढतो, बिल्ज भरतं

आमची स्पीडबोट मांडव्याहून गेटवेकडे निघायची तेव्हा काही तक्रार नसायची. आरपीएम 3000 च्या वर गेला की मात्र टेम्परेचरचा काटा चढायचा, आणि वेग उतरवला की मुकाट खाली यायचा. त्याच सुमारास बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंपही सारखा चालू होऊ लागला. तांडेल म्हणाले, "शेठ, इंजिन पाणी आतच सांडतंय, म्हणून तापतंय." पटण्यासारखं होतं. पण इंजिन चालवून सगळे जोड कापडाने पुसून पाहिले, एकही ओला नव्हता.

स्टर्न ड्राईव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं आणि पंखा फिरवणारा पाय मागच्या भिंतीबाहेर. इंजिन गार करणारं समुद्राचं पाणी या पायातूनच वर येतं आणि भिंतीतल्या रबरी पाईपातून पंपाकडे जातं. काही मॉडेलांत पंप पायातच असतो. आमचा इंजिनावर होता, म्हणजे पाणी ओढून घेणारा.

मुंबई बंदरात पहिला संशय प्लास्टिकच्या पिशवीवर. पाण्याची जाळी स्वच्छ निघाली. पंपाच्या इम्पेलरची दोन पाती मोडलेली होती. अशा वेळी नुसता नवा इम्पेलर बसवून भागत नाही. मोडलेले तुकडे पुढे कूलरच्या तोंडाशी जाऊन बसतात, तिथून काढावे लागतात. तेही काढले. काटा तसाच.

बोट किनाऱ्यावर घेऊन पायाला नळाचं पाणी दिलं, तर इंजिन थंडगार! बरेच मेकॅनिक इथेच हात झटकतात. पण नळ दाबाने पाणी देतो आणि इंजिनावर भार काहीच नसतो, त्यामुळे ओढीतला दोष लपतो.

मग बोट पाण्यात सोडून जेटीला दोरांनी घट्ट बांधली. पायाकडून येणारा पाईप पंपापासून सोडवून त्याच्या तोंडात बूच ठोकलं, नाहीतर समुद्र आत आला असता. पंपाला तारेचा कडक पाईप जोडून त्याचं दुसरं टोक थेट समुद्रात सोडलं आणि गियर टाकून इंजिन भारावर चालवलं. काटा जागचा हलला नाही. म्हणजे इंजिन आणि पंप निर्दोष, अडथळा त्यांच्या अलीकडे.

बोट पुन्हा वर घेऊन पाय उतरवला. भिंतीतला पाईप बाहेरून ठणठणीत, पण आतला थर सुटलेला. ओढ वाढली की तो चपटा व्हायचा. आणि तिथेच गळतीही सापडली. शाफ्टच्या सांध्यावरचा, पेटीच्या भात्यासारखा रबरी बेलो घडीत चिरला होता. त्यातून गंजाळ पाणी ओघळलं. बोट वळताना घरघरही यायची, ती याच पाण्याने खाल्लेल्या बेअरिंगची होती.

पायाला शिंपले धरू नयेत म्हणून रात्री तो वर उचलून ठेवायची पद्धत होती. तसं ठेवलं की बेलो रात्रभर ताणलेला राहतो. दुखणी दोन होती, वेगवेगळी. एका रबराचा दुसऱ्याशी संबंध नव्हता, वय तेवढं सारखं.

पावसाळ्यात बोटी वर येतील तेव्हा बोटमालकांनी बेलोच्या प्रत्येक घडीत बोट फिरवून पाहावं, आणि चीर दिसली तर डिंक-सोल्यूशन न लावता तो बदलावा. चिरलेल्या बेलोची बोट जेटीला बांधलेली असतानाही बुडू शकते.