बेकायदेशीर

दिवाळी तोंडावर आली की आमच्या आईला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उन्हात ठेवण्याची हुक्की येते. तिच्यात बाबांची मुंबई आहे : लोकलचा जुना पास, गावकीच्या खोलीचा हिशेब आणि चार घड्या घातलेले गिरणीचे एक पत्र. आपण बेकायदेशीर संपात सामील झाला आहात, ठरल्या मुदतीत कामावर न आल्यास नाव कमी होईल, असा त्याचा मतलब.

बाबा साचेखात्यात होते. साचा म्हणजे माग. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांतले ते एक. मी तेव्हा रांगत होतो. खाणावळीची उधारी वाढली तसे ते पावसाआधी गावी आले आणि लोकांच्या शेतात राबू लागले. पत्र इथेच, दोडामार्गात आले. बाबांनी ते वाचून दाखवले, तर आईला बेकायदेशीर म्हणजे चोरीमारीच वाटली.

"म्हणजे तुमी केलात काय?"

"कायेक करूक नाय, म्हणानच!"

ही गोष्ट आई अजून सांगते. मला तो पुष्कळ वर्षे नुसता विनोद वाटे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण एका कादंबरीच्या निमित्ताने कायदा वाचायला घेतला, आणि बाबा अगदी बरोबर बोलले होते असे दिसले.

मुंबईच्या गिरण्यांना १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा लागू होता. एका भागातल्या एका धंद्याला एकच प्रातिनिधिक युनियन. मालकाशी बोलणार ती, करार करणार ती. त्या जागेवर राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता. शेकडा २५ सभासद दाखवले की ती जागा मिळे. कामगारांचे गुप्त मतदान घेण्याची सोय नव्हती. कामगार तर डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेलेले! ज्यांना संप हवा त्यांना रीतसर नोटीस देता येईना, आणि ज्यांना देता येई त्यांना संप नको. पोट दुखते एकाचे, कण्हण्याचा परवाना शेजाऱ्याकडे! तो कायदाच रद्द करा, अशीही संपवाल्यांची मागणी होती.

एकमुखी बोलणी असावीत, दहा पुढाऱ्यांची दहा तोंडे नसावीत, हा कायदेवाल्यांचा विचार काही वेडगळ नव्हता. पण ते मुख कुणाचे? या कायद्याचा पूर्वज १९३८ साली येऊ घातला, तेव्हा ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला. पुढाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणे, ती गुलामीच, असे ते कायदेमंडळात बोलले होते. कायदा तरीही झाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवी संहिता लागू झाली. आता कुठल्याही कारखान्यात संपाआधी किमान १४ दिवसांची नोटीस हवी. निम्म्यांनी मिळून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. मात्र एकट्याने बोलणी करायची तर युनियनपाशी ५१ टक्के कामगार हवेत. ट्रंकेपाशी बसून मी हे बाबांना सांगत होतो. ते आकाशकंदिलाला दोरा बांधीत होते; गाठ अजून गिरणीतलीच मारतात.

"मगे तेव्हा आमी कितके टक्के होताव?"

मी गप्प बसलो. गिरण्या ओस पडल्या होत्या, एवढे मला ठाऊक होते. मग विषय बदलावा म्हणून म्हटले, "बाबा, तो संप मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीरच केले नाही हं."

त्यांनी दाताने दोरा तोडला.

"म्हणजे मी अजून संपारच आसंय."

आईने पत्र त्यांच्या हातून घेतले, होत्या त्याच घड्या घातल्या आणि मला कारिटे आणायला पिटाळले.