पट्टा कुठे घट्ट आणि कुठे सैल: जम्पिंग स्टिल्ट्स आणि पायाची नस

लग्नाच्या रिसेप्शनला किंवा एखाद्या मॉलमध्ये तुम्ही हे पाहिलं असेल. चंदेरी कपडे घातलेला, रोबोट झालेला एक मुलगा सगळ्यांपेक्षा हातभर उंच होऊन टणाटण उड्या मारत जातो आणि लहान मुलं त्याच्या मागे धावतात. त्याच्या पायांना बांधलेल्या असतात त्या जम्पिंग स्टिल्ट्स. जर्मनीच्या अलेक्झांडर ब्योक यांनी हे साधन तयार केलं. २००४ साली त्यांना मिळालेल्या अमेरिकी पेटंटवर त्याचं नाव 'माणसाला चालायला मदत करणारं साधन' अशा अर्थाचं आहे. वाचून मला हसू आलं, कारण माझ्याकडे यामुळे आलेला मुलगा नीट चालू शकत नव्हता.

आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीत आणि शेजारच्या छत्तीसगडात पावसाळ्यात मुलं बांबूच्या गेडीवर चालतात. गेडीवर पाय नुसता टेकलेला असतो. तोल गेला की पोरगं बांबू सोडून खाली उडी मारतं, संपलं. जम्पिंग स्टिल्ट्सचं तसं नाही. पायाच्या मागे फायबरग्लासची धनुष्यासारखी वाकणारी पट्टी, खाली रबरी खूर, पाऊल ठेवायला पाटी, त्यावर पाऊल आवळणारे पट्टे आणि गुडघ्याखाली नडगीला धरणारा कफ. एकदा बांधलं की पाय सुटत नाही. म्हणून इथे सगळा खेळ बांधणीचा आहे.

हा मुलगा बावीस वर्षांचा, सडपातळ. दिवसा कॉलेज, संध्याकाळी इव्हेंट. आई सोबत आली होती. उजवं पाऊल चालताना फरशीवर फटफट आपटत होतं आणि अंगठा वर उचलत नव्हता. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या. आईने दारातच विचारलं, "डॉक्टर, लकवा तर नाही ना?" मुलाची काळजी वेगळीच होती. "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात तीन लग्नं आहेत. ॲडव्हान्स घेतलाय."

लकवा नव्हता. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाने चाचपलं तर हाडाची एक गाठ लागते. ते नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या लगेच खाली, मानेपाशी, एक महत्त्वाची नस हाडाला वळसा घालून पुढे येते. पाऊल आणि बोटं वर उचलण्याचं काम तिच्याकडे. तिथे तिच्यावर फक्त कातडी आणि थोडी चरबी असते, त्यामुळे बाहेरून दाब आला की ती हाडावर चेपली जाते. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्यांना, खुर्चीत सतत पायावर पाय टाकून बसणाऱ्यांना, झपाट्याने वजन घटवलेल्यांना हा त्रास होताना आम्ही पाहतो. घट्ट प्लास्टरमुळेही होतो. या मुलाच्या बाबतीत कारण होतं तो गुडघ्याखालचा कफ.

पण कफ इतका का आवळावा लागत होता? हे कळेना, म्हणून मी त्याला स्टिल्ट्स घेऊन यायला सांगितलं. तो पिशवीतून त्या घेऊन आला आणि वेटिंग रूममधल्या मंडळींची चांगलीच करमणूक झाली. मी त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि म्हटलं, "नेहमी बांधतोस तसं बांधून दाखव. उभं मात्र राहायचं नाही."

दोन मिनिटांत उलगडा झाला. स्टिल्ट्स इव्हेंटवाल्यांच्या होत्या, ज्याला काम मिळेल तो मुलगा त्या घालायचा. टाचेचा कप कुणातरी दहा नंबरच्या पायासाठी लावलेला आणि याचा पाय आठ नंबरचा. टाचेमागे माझं बोट सहज जात होतं. वर पायात कॅनव्हासचे मऊ बूट. उडी मारली की टाच उचलली जायची आणि पाऊल पुढे सरकायचं. खाली पकड नाही, मग हा वरचा पट्टा जिवाच्या आकांताने ओढायचा. घट्टपणा होता, पण चुकीच्या जागी.

मग आम्ही बांधणी खालून वर केली. तुमच्या घरात कुणी हा खेळ करत असेल तर हा क्रम लक्षात ठेवा. बसायला उंच जागा हवी, टेबल किंवा कट्टा. बूट ताठ टाचेचे, सपाट तळव्याचे, आधी स्वतःच्या लेसने व्यवस्थित बांधलेले. मोजा एकच, सुरकुती नसलेला. टाच मागे कपात पूर्ण टेकवायची आणि कप पायाच्या मापाला सरकवून स्क्रू कसायचे. हे पाना लागणारं काम असतं म्हणून मुलं टाळतात, आणि नेमकं तेच सगळ्यात महत्त्वाचं. त्यानंतर घोट्यासमोरचा पट्टा, जो टाचेला मागे आणि खाली धरून ठेवतो. मग बोटांजवळचा. तो फार आवळायचा नाही, बुटाच्या आत बोटं हलली पाहिजेत. कफ सगळ्यात शेवटी.

कफचं काम नडगीला साथ देण्याचं आहे, वजन पेलण्याचं नाही. तो गुडघ्याच्या वाटीखाली राहावा, गुडघा वाकवताना आड येऊ नये, आणि पट्टा त्या हाडाच्या गाठीवर किंवा तिच्या लगेच खाली बसू नये. कफची उंची बदलता येत असेल तर बदला. फोम लावायचा तर गाठीच्या आजूबाजूला लावा म्हणजे मधे पोकळी राहील. दुखतं तिथेच जाड फोम ठेवला तर दाब कमी न होता वाढतो. बरीच मुलं इथेच फसतात.

आणखी एक. गुडघ्याचे पॅड, मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट घालायलाच हवेत, त्यावर चर्चा नाही. पण पॅडचा खालचा पट्टा आणि कफ एकाच जागी आले तर नसेवर दुहेरी फास बसतो. पॅड थोडं वर घ्या.

पहिली दहा मिनिटं आधार धरून नुसतं चाला आणि परत बसून पट्टे तपासा, कारण तोवर मोजा आणि फोम दबलेले असतात. संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, म्हणून सकाळचं माप रात्रीच्या कार्यक्रमाला चालत नाही. काढल्यावर कातडी बघा. लाल वळ थोड्या वेळात गेले तर ठीक. अर्ध्या तासानंतरही राहिले तर तिथे दाब जास्त आहे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी या खेळाच्या वाटेला जाऊ नये, त्यांना दुखणं वेळेवर कळतच नाही.

त्या मुलाच्या नसेची तपासणी केली. दाबाच्या जागी संदेश मंद झाला होता, पण धागे बहुतेक शाबूत होते. पाऊल धरून ठेवायला स्प्लिंट दिला, व्यायाम दिले आणि तीनही लग्नं बंद. यावर बरीच घासाघीस झाली. आईने शेवटी ॲडव्हान्स परत करायला पैसे काढले, मला ते बघवलं नाही, पण दुसरा इलाज नव्हता. पाचव्या आठवड्यात अंगठा हलला, तिसऱ्या महिन्यात तो टाचांवर चालून दाखवत होता. सगळ्यांचंच इतकं लवकर भरून येत नाही. दाब किती आणि किती दिवस होता, त्यावर ते ठरतं.

आता तो पुन्हा जातो. स्वतःचे बूट आणि एक छोटा पाना पिशवीत असतो. खेळ सुरू होण्याआधी आणि मधल्या सुट्टीत तो दोन्ही टाचांवर चार पावलं चालतो आणि अंगठे वर उचलून बघतो. ही चाचणी तुम्हीही घरी करू शकता. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा कमी उचललं गेलं, किंवा अंगठा आणि शेजारच्या बोटामधली खाच बधिर वाटली, तर त्या दिवशी स्टिल्ट्स पुन्हा बांधू नका. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर मालिश करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.